एक प्रत ठेवा माझ्यासाठी

गेल्या महिन्यात या पानावर मी एक साधा प्रश्न टाकला होता. तुम्ही कॉमिक्स घेता कुठून आणि कसे? उत्तरं थोडी आली, उलटे प्रश्न जास्त आणि तक्रारी त्याहून जास्त. माझ्याबद्दल एवढं आधीच सांगून ठेवते की चौदा वर्षं मी कॉमिक्सच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते. आता बाहेरच्या बाजूला असते. त्यामुळे उत्तरं देताना माझं माप थोडं दुकानदाराकडे झुकतं. वाचताना तेवढं वजा करून घ्या.

ताई, मी दर बुधवारी कामावरून सुटलो की थेट दुकान गाठतो. हवा तो अंक निम्म्या वेळा संपलेला असतो. दुकानदार वर मलाच सुनावतो, ‘आधी सांगायचं ना!’ वर्तमानपत्र घ्यायला कुणी आधी सांगून जातं का? चार प्रती जास्त मागवल्या तर याचं काय जातं?
– बुधवारचा वारकरी

काय जातं? त्या चार प्रतींचे सगळे पैसे जातात, आणि त्याच्याच खिशातून.

वर्तमानपत्र खपलं नाही तर परत जातं. पुस्तकांच्या दुकानातलं पुस्तकही बहुतेक वेळा प्रकाशकाकडे परत पाठवता येतं. कॉमिक्सच्या दुकानातला सुटा अंक मात्र सहसा परत जात नाही. मागवला की तो दुकानदाराचा. ही रीत अमेरिकेत 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पडली. त्याआधी कॉमिक्स मासिकांच्या स्टँडवर विकले जायचे, आणि न खपलेल्या अंकाच्या मुखपृष्ठाची वरची पट्टी फाडून ती ‘परत’ म्हणून पाठवायची पद्धत होती. उरलेला अंक रद्दीत. कुठल्या गल्लीत कुठला अंक खपतो याचा पत्ता प्रकाशकाला नाही आणि स्टँडवाल्याला त्याची फिकीर नाही. ब्रुकलिनमध्ये फिल सूलिंग नावाचे एक शाळामास्तर होते. न्यूयॉर्कला कॉमिक्सची संमेलनं भरवायचे. त्यांनी प्रकाशकांना सांगितलं, मला सवलत जास्त द्या, मी माल परत करणार नाही. आज जगात जिथे म्हणून फक्त कॉमिक्सचं दुकान दिसतं, तिथे बहुतेक वेळा हाच सौदा चालू असतो.

आता दुकानदाराचं गणित पाहा. अंक निघायच्या दोन-तीन महिने आधी यादी येते आणि त्याने आकडा भरायचा असतो. तो आकडा कमी-जास्त करायची शेवटची तारीख साधारण तीन-चार आठवडे आधीची. व्यवहारात तिला ‘एफओसी’ म्हणतात. त्या आकड्यांची बेरीज पाहून प्रकाशक किती छापायचं ते ठरवतो. म्हणजे नवे अंक येतात त्या बुधवारी तुम्ही दारात उभे राहता तेव्हा तुमच्या प्रतीचा फैसला महिनाभरापूर्वीच होऊन गेलेला असतो.

माझी ती रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. दुकान बंद, दिवा एकच, समोर यादी. नवी मालिका. पहिला अंक अजून विक्रीला यायचाय आणि मला दुसऱ्या अंकाचा आकडा विचारताहेत. पहिल्याला गर्दी होते, दुसऱ्याला गळती लागते, तिसऱ्याला मालिकेची खरी उंची कळते, हे अनुभवाचं सूत्र. तरी एकदा चित्रकारावर जीव जडला आणि मी दुसऱ्या अंकाच्या अठरा प्रती मागवल्या. गेल्या पाच. तेरा प्रती मागच्या खोक्यात गेल्या. मी दुकान सोडलं त्या दिवशी त्यातल्या सहा तिथेच होत्या, त्याच क्रमाने.

तेव्हा भांडू नका, नाव लिहून या. याला ‘पुल लिस्ट’ म्हणतात. तुम्ही मालिकेचं नाव द्यायचं, अंक आला की दुकानदार तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये तो बाजूला ठेवतो. नाव देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. नेहमीचंच मुखपृष्ठ हवं की दुसरंही चालेल? मालिका संपेपर्यंत हवी की पहिल्या कथानकापुरती? आणि मालिका सोडायची असेल तर तीही एफओसीच्या आधी सोडा. पुल लिस्टवाल्या गिऱ्हाइकाचं सर्वांत मोठं पाप म्हणजे नुसतं गायब होणं. फोल्डर फुगत जातो, दुकानदार आज येईल, उद्या येईल करत राहतो, आणि सहा महिन्यांनी ते तीस अंक कुणालाच नको असतात. एकाला मी रस्त्यात गाठलं होतं. रस्ता ओलांडून पळाला.

एक मोठा वितरक दिवाळखोरीत गेल्याचं वाचलं. मी दुकानात तीन महिन्यांपुढचे अंक नोंदवून ठेवलेत. माझे पैसे बुडाले का?
– काळजीवाहू

नोंदवलेत की पैसे भरलेत? पुल लिस्टवर बहुतेक दुकानं आगाऊ पैसे घेत नाहीत. अंक हातात आल्यावरच द्यायचे असतात. तसं असेल तर तुमचं काही बुडालेलं नाही. आगाऊ भरले असतील तर व्यवहार तुमचा आणि दुकानाचा आहे, वितरकाचा नाही. पावती घेऊन दुकानातच जा.

तुम्ही म्हणता तो वितरक डायमंड. 1982 साली सुरू झालेली ही कंपनी 1990च्या दशकाच्या शेवटापासून अमेरिकी सुट्या अंकांची जवळपास एकमेव वाट होती. 2020च्या वसंतात कोविडच्या साथीमुळे तिने काही आठवडे नवा माल पाठवणंच थांबवलं आणि नवीन कॉमिक्सचा बुधवार कोरडा गेला. त्याच वर्षी डीसी, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनची प्रकाशक, तिथून बाहेर पडली आणि ल्यूनर या दुसऱ्या वितरकाकडे गेली. 2021 साली स्पायडरमॅनवाल्या मार्व्हलने पेंग्विन रँडम हाउस या पुस्तकवाल्या कंपनीची वाट धरली. जानेवारी 2025 मध्ये डायमंडने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला.

गिऱ्हाईक म्हणून याचा अर्थ एवढाच की पूर्वी दुकानदार एका यादीत सगळं शोधायचा, आता त्याला दोन-तीन याद्या चाळाव्या लागतात. मोठ्या कंपन्यांच्या मालिका कुणीतरी आणणारच. निसटतात ते छोट्या प्रकाशकांचे अंक. तुम्हाला तसलं काही हवं असेल तर दुकानदाराला नुसतं नाव सांगून थांबू नका. प्रकाशक कोण, महिना कुठला, यादीतला मागणी-क्रमांक मिळाला तर तोही, असं सगळं चिठ्ठीवर लिहून द्या. अशी चिठ्ठी देणारं गिऱ्हाईक मला नेहमी आवडायचं. मात्र चिठ्ठी हातात देऊन वर अर्धा तास कथानक सांगणारं नाही.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला एका सुपरहिरोची मालिका ‘पहिल्यापासून’ वाचायची आहे. मी दुकानात जाऊन पहिला अंक मागितला, तर त्या मुलाने मला पाच वेगवेगळे पहिले अंक दाखवले. माझी थट्टा चालली होती का?
– गोंधळलेली आई

नाही हो, थट्टा त्या मुलाने केली नाही, प्रकाशकांनी केली आहे आणि सगळ्यांचीच. ‘अंक 1’ जास्त खपतो म्हणून मालिका दर काही वर्षांनी पुन्हा एकपासून मोजायला घेतात. 2011च्या सप्टेंबरात तर डीसीने एकदम बावन्न मालिका एकपासून सुरू केल्या होत्या.

सुटे अंक राहू द्या. त्याला ‘ट्रेड’ घेऊन द्या, म्हणजे पाच-सहा अंक एकत्र बांधलेला खंड. त्यात एक कथानक बहुधा पुरं होतं आणि मधे जाहिराती नसतात. नायकाच्या नावाने खंड मागाल तर पुन्हा तोच गोंधळ. लेखकाच्या नावाने मागा. एका लेखकाने लिहिलेला सलग पट्टा हीच खरी एक गोष्ट असते आणि ‘त्याचा खंड पहिला’ एकच असतो. पाठीवर आयएसबीएन असतो, तो लिहून घेतलात तर कुठलंही पुस्तकांचं दुकान तो खंड मागवून देईल. वर सांगितलं तसं तिथला माल परत जाऊ शकतो, त्यामुळे ते मागवायला कां-कूं करत नाहीत. पण खरं सांगू? आधी वाचनालयात पाहा. बारा वर्षांच्या मुलाची आवड तीन आठवड्यांत बदलते आणि वाचनालयाला त्याचं दुःख होत नाही.

आणि त्याने वर्गातल्या कुणाचं ऐकून मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, मागितला तर सुटकेचा श्वास टाका. तिथे खंड एक म्हणजे खंड एकच. जपानमध्ये गोष्ट आधी जाडजूड साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येते. ते स्वस्त कागदावरचं, वाचून टाकून द्यायचं असतं. मग साधारण नऊ-दहा हप्त्यांचा एक छोटा खंड निघतो, जपून ठेवायचा. मूळ मांडणी तशीच ठेवलेली असेल तर ते उजवीकडून डावीकडे वाचायचं. एकदा एक गृहस्थ ‘सगळी पानं उलटी बांधली आहेत’ म्हणून अख्खा संच परत करायला आले होते. मी काही बोलले नाही, पुस्तक उलटं करून त्यांच्या हातात दिलं. ते तिथेच उभे राहून वीस पानं वाचून गेले.

दुकानात उभं राहून अंक वाचला तर चालतो का?
– फुकट्या (मित्रांनी ठेवलेलं नाव)

दोन पानं, चित्र पसंत पडतंय का पाहण्यापुरती, जरूर. तिसऱ्या पानाला मी खोकायचे. अंक उघडताना पाठीपासून मागे दुमडू नका. पिनेपाशी पांढऱ्या रेघा उमटतात आणि मग तो अंक तुम्हीही घेत नाही, दुसराही घेत नाही.

घरात जागा उरलेली नाही. सगळं फोनवर घ्यावं असं ठरवतोय. डिजिटलमध्ये तोटा काय?
– पलंगाखाली बारा खोकी

आधी फायदा सांगते, कारण मीही निम्मं वाचन आता तसंच करते. अंक संपत नाही. मध्यरात्री मिळतो. जुन्या मालिकेतला मधलाच सत्तेचाळिसावा अंक हवा असेल तर खोकी उपसावी लागत नाहीत. आणि वर्गणीचं गणित तर भन्नाट. मार्व्हल अनलिमिटेडसारख्या सेवेत हजारो जुने अंक उघडे असतात आणि नवे साधारण तीन महिन्यांनी येतात. तीन महिने कळ काढता येत असेल तर सुपरहिरोंसाठी सुटा अंक घेण्याचं कारणच उरत नाही. हे मी काउंटरच्या आत असते तर लिहिलं नसतं.

आता तोटा. ‘विकत घ्या’ या बटणावर बोट ठेवलंत की तुम्हाला अंक मिळत नाही, तो वाचण्याची परवानगी मिळते. दुकान चालू असेपर्यंत आणि दुकानाच्या अटींवर. 2013 साली जेमांगा नावाची मांगाची सेवा बंद झाली तेव्हा लोकांनी पैसे मोजून घेतलेले खंडही तिच्याबरोबर गेले. कॉमिक्सॉलॉजीचं उदाहरण जास्त ओळखीचं. 2007 साली सुरू झालेलं हे कॉमिक्सचं डिजिटल दुकान अॅमेझॉनने 2014 साली घेतलं, 2022 साली त्याचं वेगळं संकेतस्थळ आपल्या मोठ्या दुकानात मिसळलं आणि डिसेंबर 2023 मध्ये त्याचं अॅपही किंडलमध्ये विलीन केलं. घेतलेले अंक उडाले नाहीत, पण कॉमिक्स वाचणाऱ्यांनी कॉमिक्स वाचणाऱ्यांसाठी मांडलेली खोली गेली आणि त्यांचं सामान मोठ्या गोदामात लागलं. फेब्रुवारी 2025 मध्ये किंडलची विकत घेतलेली फाइल संगणकावर उतरवून घेण्याची सोयही बंद झाली.

म्हणून माझी विभागणी अशी. एकदा वाचून संपणारं असेल ते वर्गणीवर. पुन्हा पुन्हा काढून पाहावंसं वाटेल ते कागदावर. आणि डिजिटलच जपायचं असेल तर कुलूप नसलेली फाइल देणाऱ्यांकडून घ्यायचं. बरेच स्वतंत्र चित्रकार आणि काही छोटे प्रकाशक पीडीएफ किंवा सीबीझेड देतात. सीबीझेड म्हणजे पानांची चित्रं एका झिप फाइलमध्ये भरलेली असतात, बाकी काही जादू नाही. ती फाइल तुमची. दोन ठिकाणी ठेवा आणि विसरा.

फोनबद्दल एक कुरकुर राहिलीच. दोन पानांवर पसरलेलं चित्र फोनवर पाहणं म्हणजे कुलपाच्या भोकातून खोली पाहणं. निदान टॅबलेट तरी घ्या. आणि ती बारा खोकी एकदम विकायला काढू नका. आधी उघडून पाहा. त्यात काय आहे हे तुम्हालाही आठवत नसणार.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 1975च्या आसपासचा जुना अंक घेतला. फोटोत मुखपृष्ठ चकाचक. हातात आला तर शेवटाकडच्या एका पानाचा चौकोनी तुकडा कात्रीने कापलेला. विक्रेता म्हणतो, ‘पूर्ण आहे असं मी कुठे लिहिलं होतं? व्हेरी गुड लिहिलं होतं.’ मी फसलो का?
– हातावर तुरी

फसलात, आणि तो तुकडा कुठे गेला ते मी इथे बसून सांगू शकते. अंक मार्व्हलचा आहे ना? कापलेलं पान वाचकांच्या पत्रांचं आहे ना? 1974 ते 1976 या काळात मार्व्हल त्या पानांवर ‘व्हॅल्यू स्टँप’ छापायची. मुलांनी ते कापून वहीत चिकटवायचे, संच पुरा करायचा. मुलांनी कापले. मुलांचा काहीच दोष नाही, कापण्यासाठीच तर छापले होते. पण त्यामुळे त्या वर्षांतला कुठलाही अंक घेताना पहिला प्रश्न ‘स्टँप आहे का?’ हाच असतो. ‘इन्क्रेडिबल हल्क’चा 1974चा 181वा अंक घ्या. त्यात ‘एक्स-मेन’मधला वुल्व्हरिन पहिल्यांदा पुरा दिसतो म्हणून लोक त्यामागे वेडे. स्टँप कापलेला असेल तर त्याच अंकाची किंमत धाडकन खाली येते. त्याशिवाय इतर अंकांतही जाहिरातीतली कूपनं कापलेली सापडतात.

आता त्या ‘व्हेरी गुड’कडे या. ही श्रेणी ऐकायला गोड आहे. दहाच्या मापात तिचा अर्थ चार. ‘गुड’ म्हणजे दोन. ‘फाइन’ सहा, आणि नव्यासारखा म्हणजे ‘निअर मिंट’ नऊ दशांश चार. ज्याने ही नावं ठेवली त्याला दुकानदारीची नस सापडली होती! तेव्हा शब्द वाचू नका, आकडा विचारा. आणि तरीही तुकडा कापलेल्या अंकाला ते न सांगता चार म्हणणं ही लबाडीच आहे. ते पान आणि विक्रेत्याचं वर्णन दोन्हींचे फोटो जोडून, ज्या ठिकाणाहून घेतलात तिथे तक्रार करा. विक्रेत्याशी शब्दांचा कीस पाडत बसू नका. तक्रारीची मुदत निघून जावी म्हणूनच असे लोक गोड गोड उत्तरं देत राहतात.

पुढच्या वेळी पैसे देण्याआधी फोटो मागा. मुखपृष्ठाचा नको, तो सगळेच देतात. मागचं पान. दोन्ही पिना, जवळून, म्हणजे गंज दिसतो. अंक मधोमध उघडून मधलं जोडपान, ते पिनेतून सुटलेलं नाही ना. पत्रांचं पान. आणि पाठ उजेडात तिरकी धरून. घडीच्या बारीक पांढऱ्या रेघा सरळ उजेडात दिसत नाहीत, तिरक्या उजेडात सगळं कबूल करतात. ओलीचा वास मात्र फोटोत येत नाही, तो विचारावा लागतो. फोटो द्यायला जो विक्रेता कंटाळतो त्याच्याकडचा अंक माझ्यापुरता विकला गेलेला असतो.

हुबेहूब पुनर्मुद्रणं हा आणखी एक सापळा. मुखपृष्ठ, जाहिराती, सगळं जुन्यासारखं. वाचायला ती उत्तम आणि परवडणारी, मीही घेते. पण मूळ म्हणून कुणी गळ्यात मारू नये. आतल्या पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात प्रकाशनाची माहिती असते. साल तिथे वाचायचं.

फार महाग अंक असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बंद केलेला, वर श्रेणीचा आकडा असलेला मिळतो. ‘स्लॅब’ म्हणतात. 2000 साली सुरू झालेल्या सीजीसी या श्रेणी ठरवणाऱ्या कंपनीने ही रीत रूढ केली. निळी पट्टी म्हणजे साधा, जांभळी म्हणजे दुरुस्ती केलेला, रंग भरलेला वगैरे. गुंतवणूक करणाऱ्याला झोप लागते. पण डबी फोडल्याशिवाय अंक वाचता येत नाही आणि फोडली की श्रेणी गेली. मला हा प्रकार कधी झेपला नाही.

अंक हातात आल्यावर त्याचं वाटोळं कसं करायचं तेही सांगते, कारण ते मी स्वतः केलं आहे. अंक प्लास्टिकच्या पिशवीत होता, मागे कडक पुठ्ठा, पिशवीची जीभ चिकटपट्टीने बंद. मी पट्टी उघडली, जीभ मागे वळवली आणि अंक वर ओढला. ‘चर्र’ असा अगदी बारीक आवाज आला. मोकळ्या पट्टीने मागच्या पानावरच्या शाईची बोटभर लांब साल काढून नेली होती. चाळीस वर्षं टिकलेली शाई माझ्या हातून एका सेकंदात गेली. तेव्हापासून पट्टी आधी पूर्ण काढून टाकते, मगच अंकाला हात. पिशवी साध्या पॉलिप्रॉपिलिनची असेल तर ती काही वर्षांनी पिवळी पडते, बदलावी लागते. मायलारची महाग, पण टिकते. आणि माप विचारून घ्या. आजच्या अंकांच्या ‘करंट’ मापाच्या पिशवीत साठच्या दशकातला, म्हणजे ‘सिल्व्हर’ काळातला, अंक कोंबलात तर कोपरे दुमडणारच. जुने अंक रुंदीला मोठे असतात.

मी सातवीत आहे. माझ्या आवडत्या मालिकेच्या पहिल्या अंकाची आठ मुखपृष्ठं निघणार आहेत. मी साठवलेल्या पैशांतून आठही घेऊन ठेवली तर मोठेपणी श्रीमंत होईन का?
– भावी कोट्यधीश

नाही रे बाळा. असं तुझ्यासारखं आणखी लाखो लोकांनी ठरवलेलं असतं.

1991 साली ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक वेगवेगळ्या पाच मुखपृष्ठांनी निघाला. दुकानांनी मिळून ऐंशी लाखांच्या वर प्रती उचलल्या. लोकांनी पाचही घेतले, पिशव्यांत घातले, जपले. सगळ्यांनीच जपले, म्हणून तो आजही कुठल्याही खोक्यात सापडतो. आता दुसरं टोक पाहा. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक 1938चा. तो कुणीच जपला नाही. मुलांनी वाचून फाडला, आयांनी फेकला, युद्धाच्या वर्षांत रद्दीच्या मोहिमांत गेला. आज जगात त्याच्या शंभरेक प्रती उरल्या असाव्यात असा अंदाज आहे, म्हणून तो कोटींत जातो. तो घेणाऱ्या मुलाच्या मनात श्रीमंत व्हायचं नव्हतं.

काही मुखपृष्ठं दुर्मीळ असतात ती वेगळ्या कारणाने. दुकानदाराने साध्या पंचवीस प्रती मागवल्या की त्याला एक खास मुखपृष्ठाची मिळते, असा तो हिशेब. ती एक त्याने महाग विकली नाही तर त्या साध्या पंचवीसांचा भार तो कसा उचलणार? म्हणजे त्या मुखपृष्ठासाठी तू जो जास्तीचा पैसा देतोस, तो दुकानाच्या मागच्या खोक्याचा खर्च असतो.

आठांतलं तुला सर्वांत आवडलेलं एक घे. उरलेल्या पैशांत याच चित्रकाराचं जुनं काम शोध. दुकानात जुन्या अंकांची लांब खोकी असतात, त्यांत बोटं चालवायला शीक. वरून धरून उपसायचं नाही, पुढचे अंक हलकेच आपल्याकडे झुकवायचे आणि मधल्या फटीतून पाहायचं.

वय वर्षं एकसष्ट. लहानपणी खूप कॉमिक्स वाचले, मग सुटलं. आता पुन्हा वाचावंसं वाटतं. दुकान ठाऊक आहे, दोनदा काचेपर्यंत जाऊन परत आलो. आत सगळी पोरं दिसतात. काय म्हणून शिरू?
– काचेबाहेरचा

काका, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. सरळ आत जा आणि म्हणा, ‘मी पन्नास वर्षांपूर्वी अमुक वाचत होतो. आता काय वाचू?’ काउंटरवरच्या माणसाला दिवसभरात यापेक्षा चांगला प्रश्न येत नाही. तो तीन पुस्तकं काढेल. त्यातलं सर्वांत बारीक घ्या. गठ्ठा घेऊ नका, आणि हजार पानांचा ओम्निबस तर मुळीच नको. तो मांडीवर पेलत नाही आणि पलंगावर पडून वाचाल तर नाकावर पडेल. बारीक अक्षरांसाठी चष्मा बरोबर न्या. जुन्या अंकांत संवादाची अक्षरं हाताने काढलेली असत, आता बहुतेक संगणकावरची असतात आणि काही ठिकाणी उगाच नाजूक.

जाताना बुधवारची संध्याकाळ टाळा. त्या वेळी आमचे वारकरी काउंटरवर वाद घालत उभे असतात. मंगळवारी दुपारी जा, दुकान रिकामं असतं. आणि ‘नातवासाठी हवंय’ असं चुकूनही म्हणू नका. मग ते तुम्हाला खरोखर नातवाच्या वयाचं काढून देतील.